पेटीवरची आठवी टिकली

कुंदाकाकू, आधी तुमचं नाव घेते, मग बाकीचं. मला पेटी तुम्ही शिकवली. चार लोकांत बसून वाजवायची हिंमत तुम्ही दिली, थोडी रागावून, थोडी फसवून. हे पहिल्याच ओळींत लिहून टाकलं, कारण बोलता बोलता भलतीकडे जायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही असतात तर एव्हाना म्हणाला असतात, "शोभे, समेवर ये."

तुमच्यावर लिहायला मला पाठकसरांनी सांगितलं. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी. मी म्हटलं, सर, मी सातवीत शाळा सोडलेली बाई, मला काय लिहिता येणार? ते म्हणाले, "बाकी सगळे त्यांची नोकरी आणि जन्मतारीख लिहितील. तुम्ही काकूंबद्दल लिहा." मला हायसं वाटलं, कारण तुमची जन्मतारीख मला माहीतच नाही. एकदा विचारली होती, तर तुम्ही म्हणालात, "काहून, केक आणणार आहेस का?"

हे 'काहून' तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तो दिवस मला आठवतो. जबलपूरच्या कांचघर वस्तीत आमची खोली, तुमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. हे गोहलपुरात गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात जायचे आणि मी घरी फॉल-पिको करायची. तुमची एक जांभळी साडी आली होती. ती घ्यायला तुम्ही आलात आणि दारातच उभ्या राहिलात. हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. मला दारात सावली दिसली तशी मी मशीन थांबवली.

"थांबू नको," तुम्ही म्हणालात. "चालू ठेव."

मला वाटलं, कामात चूक काढताय. घाबरून अख्खा पदर एका दमात संपवला.

"तुझी मशीन लयीत चालते," तुम्ही म्हणालात. "पाय इकडेतिकडे होत नाही. काहून गं, काही वाजवता येतं का?"

"नाही जी."

"मग गुरुवारी दुपारी ये. पोळ्या आटोपून ये."

काकू, खरं सांगते, मी वाजवण्याबिजवण्याचं काही ऐकलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तो एक शब्द फिरत होता. माझं माहेर हिंगणघाटच्या पुढे. जबलपुरात येऊन मला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षं मी 'काहून' जिभेखाली दाबून ठेवला होता. मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा गेले होते, तिथे बायका पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत होत्या, नाहीतर सरळ हिंदी. मी वाटी घेऊन कोपऱ्यात बसले आणि तिळगूळ खाऊन परत आले. आणि इथे सरकारी ऑफिसातून रिटायर झालेली, चष्मा लावणारी, मोठी मरून टिकली लावणारी बाई माझ्या दारात उभी राहून माझ्या आईसारखं बोलत होती.

गुरुवारी मी टेप, कात्री आणि चार रंगांचे दोरे घेऊन तुमच्याकडे आले. मला वाटलं, घरीच बसून साड्या करून घ्यायच्या असतील. तुम्ही दोरे पाहिले आणि म्हणालात, "हे ठेव बाजूला. बस इथे." समोर पेटी होती.

पुढचे कितीतरी गुरुवार मी तुमच्याकडे घाबरत घाबरतच आले. भाता मात्र मला पहिल्या दिवशी जमला. तुम्ही बरोबर ओळखलं होतं. मशीनच्या पायात आणि भात्याच्या हातात फार फरक नाही, धक्का द्यायचा नाही, चालतं ठेवायचं. बोटांचं मात्र काही खरं नव्हतं. तुम्ही वहीत लिहून दिलेलं वाचायचं, पट्ट्या शोधायच्या, भाता सांभाळायचा. एक केलं की दोन सुटायची. शाळेत फळ्याकडे बोलावलं की व्हायचं तसंच मला व्हायला लागलं. कान गरम, हात ओले.

म्हणून तिसऱ्या गुरुवारी, तुम्ही चहा ठेवायला आत गेलात तेवढ्यात, मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत आठ लाल टिकल्या आठ पट्ट्यांवर लावल्या.

तुम्ही कप घेऊन बाहेर आलात आणि उभ्याच राहिलात.

"अगं बाई! पेटीचं लग्न लावलंस का?"

"पट्ट्या लक्षात नाही राहत, काकू."

"आम्हाला टायपिंग शिकवलं तेव्हा बटणांवर कागद चिकटवले होते. खाली पाहायचंच नाही. आणि तू अजून सजवून राहिली!"

"तुम्ही टायपिंग करत होत्या. मी तर घाबरून राहिली आहे."

त्यावर तुम्ही इतक्या हसलात की चहा बशीत आला. मग आपलं ठरलं. जी पट्टी मला न पाहता सापडेल, तिची टिकली निघणार. पहिली 'प'ची निघाली. मग 'ग'. वरचा सा निघाला त्या दिवशी तुम्ही मला बेसनाचा लाडू दिलात. 'म'नं फार दिवस छळलं. तुम्ही नखानं टिकली अलगद काढायच्या, बोटाच्या टोकावर घ्यायच्या आणि आतल्या खोलीत जायच्या. मला वाटायचं, केराच्या डब्यात टाकायला जाता. एका टिकलीसाठी एवढी टापटीप, असं मनात म्हणायची.

सात निघाल्या. आठवी, खालच्या सा ची, मी काढू दिली नाही.

"सा तर तुला झोपेत सापडतो," तुम्ही म्हणायच्या.

"सापडतो. पण असू द्या."

"काहून?"

"ती दिसली की घरी असल्यासारखं वाटतं."

पुढच्या गुरुवारी परत तोच वाद. शेवटी एकदा चिडून म्हणालात, "ही मी नाही काढणार. तुझी तूच काढशील." हा वाद आपला मिटलाच नाही, काकू. त्याच्याकडे मी शेवटी येते.

दुसरा वाद दोन पट्ट्यांचा. पांढरी एक धरून मला गणपतीची आरती जेमतेम यायला लागली, आणि तुम्ही म्हणालात, आता हीच आरती पांढरी चारवरून वाजव. म्हणजे सा च बदलला. सगळी बोटं सरकली, आणि मधे एक काळी पट्टी घ्यायची, ती मी दर वेळी हमखास चुकवायची.

"एकच आरती दोनदा काहून शिकू?"

"तुझ्या टिकलीवर उतरायला पब्लिक काही बांधील नाही. मैफलीत गाणारा पेटीला विचारून सूर धरतो. आरतीत कुणी कुणाला विचारत नाही. ज्याचा गळा मोठा तो उचलतो, बाकीचे त्याच्या मागे. आपण गपचूप ऐकायचं, ते कुठे आहेत ते शोधायचं आणि जाऊन मिळायचं."

आणि ते शोधायला तुम्ही मला काय काय ऐकायला लावलंत! कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "शोधा!" मी पट्ट्या दाबत बसायची. पाण्याची मोटर, कांचघरच्या चौकातल्या ऑटोचा हॉर्न, भोंगा लावून फिरणारा भंगारवाला. घरी मी कुकरसमोर गुणगुणत उभी राहायची आणि हे विचारायचे, "वरणाला गाणं ऐकवतेस का?" एकदा तुमच्याकडे मी शिट्टीचा सूर शोधत राहिले आणि आपण दोघी त्या नादात गॅस बंद करायचं विसरलो. करपलेलं वरण खाता खाता तुम्ही विचारलंत, "पण सूर कोणता होता?" मी म्हटलं, पांढरी चार. तुम्ही म्हणालात, "मग वसूल."

पण हे सगळं दार लावून. दूधवाल्यानं घंटी वाजवली तरी मी पट्ट्यांवरून हात असे उचलायची की जणू पेटी माझी नाही, मी नुसती पुसत होते. "चोरी करून राहिली का?" तुम्ही विचारायच्या. दार उघडं ठेवून वाजव म्हटलं की मला तहान लागायची, घरी गॅस चालू राहिल्यासारखा वाटायचा, कुलूप लावलं की नाही आठवायचं नाही. तुम्ही एकदा मला माझ्या खोलीचं कुलूप तीन-तीनदा ओढून पाहताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती तुमची हक्काची थट्टा.

मग तुम्ही मला फसवलंत. भात्यातून हवा सुटते म्हणून आपण पेटी गोहलपुरात दुरुस्तीला दिली होती. घ्यायला गेलो तर भर दुपारची वेळ, दुकानासमोर मोटारसायकली, शेजारी वेल्डिंग, चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं. मिस्त्री म्हणाला, "अम्मा, बजाके देख लो." तुम्ही चष्मा चाचपला, पिशवी चाचपली आणि म्हणालात, "शोभे, माझा चष्मा राहिला बाई घरी. तूच पाहा."

चष्मा पदराखाली हातात होता. मला घरी पोचल्यावर कळलं.

मी बसले. वाटलं, दोन पट्ट्या दाबून उठावं. पण मिस्त्री समोर उकिडवा बसून कान लावून ऐकायला लागला, आणि त्याला उगाच 'ठीक आहे' म्हणायचं तर पेटी नीट तपासायला हवी होती. म्हणून मी आरती वाजवली, पूर्ण, एकदा. वेल्डिंगवाला थांबला नाही, मोटारसायकली थांबल्या नाहीत, टपरीवरची माणसं चहा पीत राहिली. कुणाचं काही बिघडलं नाही. मिस्त्री तुम्हाला म्हणाला, "अम्मा, दीदी का हाथ साफ है." तुम्ही म्हणालात, "हाथ तो साफ है भैया, दिल कच्चा है." आणि सगळे हसले. मीही हसले, काकू. चार लोक माझ्यावर हसले आणि मी मेले नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परत येताना ऑटोत पेटी आपल्या दोघींच्या मांडीवर होती. तिथे तुम्ही मला खरं कारण सांगितलंत. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी आखडायची, ते मला माहीत होतं. मंडळात पाठकसरांनी सुचवलं होतं की यंदा गणपतीत आरत्या मोबाइलवरून स्पीकरला लावू, काकूंना कशाला त्रास. तेही मला माहीत होतं. हे मात्र माहीत नव्हतं.

"तीस वर्षं मी आरतीला वाजवून राहिली," तुम्ही म्हणालात. "पेटी असते बाजूला, खाली. सगळे उभे, मी बसलेली. तीस वर्षांत मी आरतीच्या वेळचा गणपती पाहिला नाही, शोभे. मी लोकांचे पाय पाहिले. कुणाच्या पायाला भेगा आहेत, कुणाच्या मोज्याला भोक, सगळं मला विचार. एकदा हातात ताट घेऊन, समोर उभं राहून आरती करायची आहे. पेटी वाजत असताना. त्या स्पीकरच्या गाण्यावर नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तू पळाली असती."

खरं आहे. पळालेच असते. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, आपण गणपतीत दहा दिवस गावाला जाऊ. हे म्हणाले, "जा की. पण मग काकू कुणाच्या पेटीवर उभ्या राहतील?"

पहिल्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. डॉक्टर, मास्तर, फॅक्टरीतले साहेब, त्यांच्या बायका, हिंदीत खुसफुसणारी त्यांची मुलं. मी पेटीमागे बसले आणि तुमचं म्हणणं पटलं, खरंच सगळे पायच होते. त्यात तुमचे पाय मी ओळखले. तीच जांभळी साडी, खाली माझ्या हातचा फॉल. हातात ताट. पाठकसर स्पीकर बंद करून आले, पण अगदी बंद नाही, वायर खिशातल्या मोबाइलजवळच ठेवली होती. त्यांचं बरोबर होतं. माझ्यावर मीही भरवसा ठेवला नसता.

पाठकसरांनी आरती उचलली. मी भाता दाबला.

काही नाही. सूर नाही, आवाज नाही. भाता दगडासारखा. मी पट्टी दाबली, दुसरी दाबली, आठवी टिकली दाबली. मुकी पेटी. लोक पहिल्या कडव्याच्या मध्यावर पोचले आणि मी तिथे बसून हवा दाबत होते. मला सातवीचा वर्ग दिसला, फळा दिसला. पाठकसरांचा हात खिशाकडे गेला तोही दिसला.

आणि तेवढ्यात, भर आरतीत, ताट गणपतीसमोर फिरवता फिरवता, मागे न पाहता तुम्ही ओरडलात, "शोभे, खुंट्या!"

पेटीच्या समोरच्या खुंट्या. त्या बाहेर ओढल्या नाहीत तर आत हवाच जात नाही. तुमच्याकडे दर गुरुवारी तुम्ही आधीच ओढून ठेवायच्या, दुकानात मिस्त्रीनं ओढल्या होत्या, मी कधी त्यांना हातच लावला नव्हता.

"कुलूप तीनदा ओढते," तुम्ही पुढच्या कडव्याच्या चालीवर जवळजवळ गातच म्हणालात, "खुंट्या एकदा नाही ओढत!"

अख्खा हॉल हसला. आरती हसत हसत चालू राहिली. मी खुंट्या ओढल्या आणि बोट टिकलीवर ठेवलं, आणि लोक तिथे नव्हतेच. पाठकसरांनी वर उचललं होतं, पार वर. माझा सा इथे आणि हॉल भलत्याच गल्लीत. टिकली दिसली की मला घरी असल्यासारखं वाटायचं ना, पण घरी मी एकटीच होते, बाकी सगळे बाहेर गेले होते.

मी डोळे मिटले, काकू. हॉल ऐकला. आणि मला कुकर ऐकू आला, करपलेलं वरण, तुमचं 'शोधा!' पांढरी चार. मी बोटं उचलून तिथे नेली. काळी पट्टी आली तेव्हा मला भीती वाटायला वेळच मिळाला नाही, ती लागून पुढे गेली होती. दोन ओळींनंतर मला कळलं की लोकांचा आवाज माझ्या पेटीवर टेकला आहे. पाठ टेकावी तसा. डोळे उघडले तर पाठकसरांचा हात खिशातून बाहेर आला होता आणि ते टाळ्या वाजवत होते.

मग तुमचे पाय दिसले. उजव्या टाचेवर ताल धरलेला. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं, लहान मुलासारखं. आता वाटतं, त्याहून मोठं सर्टिफिकेट मला कुणी देणार नाही.

आरती संपल्यावर तुम्ही प्रसाद घेऊन माझ्याजवळ खाली बसलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात पेढा.

"शोभे, गणपतीचे डोळे यंदाच एवढे मोठे काढले की दर वर्षी असेच असतात?"

"मला काय माहीत, काकू. मी तर पाय पाहत होती."

दहा दिवस मी वाजवलं. दोनदा चुकले, एकदा चुकीची आरती सुरू केली, रोज खुंट्या तीनदा ओढून पाहिल्या. शेवटच्या दिवशी तुम्ही ताट माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, "चल, आज बदलाबदली. मी बसते, तू उभी राहा." मी नाही म्हटलं. म्हटलं, पुढच्या वर्षी. एवढ्या साहेबांच्या बायकांपुढे ताट घेऊन उभं राहायचं म्हणजे पेटीपेक्षाही भारी काम. तुम्ही फार ताणलं नाही. "बरं. पुढच्या वर्षी नक्की," म्हणालात.

हे एक मला सलतं. तुमची बोटं त्या दिवशी बरी होती. तुम्ही वाजवलं असतं, मी पाहिलं असतं.

दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. दुपारच्या चहाला उठल्या नाहीत, एवढंच. गुरुवार होता, मी पायरीपर्यंत आले होते. दारात चपला पाहिल्या, खूप, आणि मला कळलं. लोकांचे पाय पाहून गोष्टी कळायची सवय तुम्हीच लावलीत ना.

मी तुम्हाला कधी 'आभारी आहे' म्हटलं नाही. आपल्या बोलण्यात तो शब्द बसतच नाही. म्हटला असता तर तुम्ही विचारलं असतं, "काहून, कुठे चालली?" आणि दोन आठवडे माझ्याशी बोलणं बंद ठेवलंत तेही मी विसरले नाही. नणंदेच्या लग्नाला गेले, निरोप दिला नाही, एक गुरुवार चुकला, म्हणून. तिसऱ्या आठवड्यात तुमची साडी फॉलला आली, फाटका काठ असलेली, जिला फॉल लावून काही उपयोग नव्हता. मी समजले आणि आले. अशी तुमची माफी मागायची पद्धत. की माफ करायची, मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर मेधादीदींनी मला घरी बोलावलं. तुमची मुलगी गावातच, सदरला राहते, पण माझी त्यांची ओळख नमस्कारापुरतीच. म्हणाल्या, पेटी तुम्ही घेऊन जा, आईनं सांगून ठेवलं होतं. मग मला आतल्या खोलीत नेलं. इतके गुरुवार आले, पण ती खोली मी कधी पाहिली नव्हती. कपाटाच्या आरशावर तुमच्या मोठ्या मरून टिकल्या, दोन-तीन, रोज रात्री काढून लावलेल्या असतात तशा. आणि आरशाच्या कडेला, खालून वर, माझ्या सात.

"ये आईच्या नाहीत," मेधादीदी म्हणाल्या. "इतनी छोटी ती लावायचीच नाही. कोणाच्या आहेत, तुम्हाला पता आहे का?"

मी सांगितलं. खाली, सा च्या जागी, एका टिकलीएवढी जागा मोकळी ठेवली होती, तीही दाखवली. मेधादीदी आधी हसल्या, मग पलंगावर बसल्या, मग आम्ही दोघी रडलो, मग परत हसलो. त्या म्हणाल्या, "मला पण शिकवत होती लहानपणी. तीन दिवस. स्केलनं बोटांवर मारायची. मी म्हटलं, नाही शिकायची. मग तिनं कधी विचारलं नाही, मैंने भी नहीं." मग आरशाकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हाला नाही मारलं?"

"नाही. लाडू दिला."

"बघा!" त्या म्हणाल्या. खरंच रागावल्या होत्या, काकू. पन्नाशीची बाई, तुमच्यावर, लाडवावरून. आणि मग खाली पाहत, अर्धं मराठी अर्धं हिंदी, एकदम हळू विचारलं, "मला आता... इस उमर में... येईल का?"

त्यांचे हात मी पाहिले. ओले होते.

आता ऐका, काकू, आपला वाद. आठवी टिकली मी अजून काढलेली नाही. काढायला गेले होते, नखही लावलं होतं, ती आरशावर तिच्या जागी लावायची म्हणून. पण राहू दिली. मेधादीदी येत्या गुरुवारी येणार आहेत. सात नव्या टिकल्या आणल्या आहेत, आठवी आहेच. त्यांना मी स्केल दाखवणार नाही. कुकर ऐकवीन, गोहलपुरला नेईन, चष्मा विसरीन. खुंट्या मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातानं ओढायला लावीन.

किती गणपती जातील माहीत नाही. पण एक दिवस पेटीमागे तुमची मुलगी बसेल आणि मी उठेन. तुमच्यासारखी जांभळी साडी नेसून, साहेबांच्या बायकांपुढे, ताट घेऊन समोर उभी राहीन. तुमची बदलाबदली माझ्याकडे राहिली आहे ती अशी फेडीन. आणि गणपतीचे डोळे नीट पाहून सांगीन तुम्हाला, दर वर्षी एवढेच मोठे असतात की त्या वर्षी तुमच्यासाठी काढले होते ते.